हात गार पडलेत का?

आयसीयूच्या दाराशी ताटकळलेले नातेवाईक पूर्वी डॉक्टर दिसले की विचारायचे, "धोका टळला ना?" करोना येऊन गेल्यापासून पहिला प्रश्न बदलला. आता विचारतात, "सॅचुरेशन किती आहे?" सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली आणि आशाताई ऑक्सिमीटर घेऊन चाळींत, वाड्यावस्त्यांवर, सोसायट्यांत पोचल्या. पाठोपाठ औषधांच्या दुकानांतून तो चिमटा घरोघरी आला. आकडा ९४ च्या खाली उतरला की दवाखाना गाठायचा, सहा मिनिटं चालून पुन्हा मोजायचं, हे आजीआजोबांनाही पाठ झालं. दम न लागताच ज्यांच्या रक्तातला प्राणवायू घसरत होता, अशा कितीतरी माणसांना त्या चिमट्याने वेळेत खाटेपर्यंत नेलं. त्याचं हे ऋण मोठं आहे.

पण अत्यवस्थ माणसाच्या बाबतीत हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. फुप्फुसांतून निघालेल्या रक्तात प्राणवायू भरला गेला की नाही, एवढंच त्याला कळतं. तो मेंदूपर्यंत, मूत्रपिंडापर्यंत, पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचला का, हा निराळा प्रश्न आहे आणि पुष्कळदा जीव त्यावरच अवलंबून असतो.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी, पावसाळा सरता सरता, अतिदक्षता विभागात रात्री बसून मी हे पाहत होतो. डेंगीचा मोसम होता. विशीतला एक मुलगा संध्याकाळी दाखल झाला. चार दिवस फणफणलेला ताप त्याच दिवशी उतरला होता आणि घरच्यांना वाटत होतं, सुटलो. मॉनिटरवर सॅचुरेशन ९८, नाडी १२४, रक्तदाब १०० वर ८४. मुलगा बोलत होता, फक्त जरा कंटाळल्यासारखा, विचारलेल्याला तुटक उत्तरं देत.

"मॅडम, पेशी किती झाल्या?" वडिलांनी रात्रपाळीच्या डॉक्टरांना विचारलं.

"साठ हजार आहेत, काका. पेशींचं राहू द्या आत्ता. इकडे या, याच्या पायाला हात लावा."

वडिलांनी चादर बाजूला करून पाऊल हातात धरलं. मग दुसरं. "गार आहेत हो," ते म्हणाले.

"मला त्याचीच काळजी आहे."

मॅडमनी शंभरातून ८४ वजा केले. उरले १६. रक्तदाबाच्या वरच्या आणि खालच्या आकड्यांतलं हे अंतर निरोगी माणसात ४० च्या आसपास असतं. डेंगीत ते २० किंवा त्याखाली आलं की शॉक सुरू झाला असं धरतात, मग वरचा आकडा कितीही समाधानकारक दिसो. ताप उतरण्याच्या सुमारास केशवाहिन्या पाझरू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि उरलेलं रक्त घट्ट होतं. शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून मेंदू आणि हृदयाचा पुरवठा राखू पाहतं. म्हणून तळवे गार, नाडी जलद आणि बारीक, आणि वरचा दाब शेवटपर्यंत ठीकठाक. तो एकदा कोसळला की मग हाताशी वेळ फार थोडा उरतो. आपल्याकडे डेंगी म्हणजे पेशी (प्लेटलेट) असं समीकरण घट्ट बसलं आहे. पेशींच्या पिशव्यांसाठी रात्रीबेरात्री रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवले जातात. रक्तस्राव होत नसताना नुसत्या आकड्यासाठी पेशी चढवून रक्तस्राव टळत नाही, हे सिंगापूर आणि मलेशियातल्या चाचणीतून २०१७ मध्ये पुढे आलं. तरीही चौकशी पेशींचीच होते, गार पायांची होत नाही.

त्या मुलाला मोजून-मापून सलाईन सुरू झालं. रक्ताचा घट्टपणा दर काही तासांनी तपासला गेला. पहाटेपर्यंत ते १६ चं अंतर ३४ वर आलं, पावलं कोमट झाली, लघवीच्या पिशवीत पिवळी रेघ चढू लागली. मग मॅडमनी सलाईनचा वेग उतरवला. पाझरणं थांबलं की बाहेर गेलेलं पाणी एक-दोन दिवसांत रक्तात परत येतं. तेव्हाही सलाईन धो धो चालू राहिलं तर फुप्फुसांत पाणी साचतं आणि मग, इतका वेळ ९८ वर ठाम असलेलं सॅचुरेशन, घसरायला लागतं.

यातला हिशेब शाळेतल्या गुणाकाराइतका सोपा आहे आणि तो प्रत्येकाने एकदा करून पाहावा. हिमोग्लोबिन १५ असेल तर शंभर मिलिलिटर रक्तात साधारण २० मिलिलिटर प्राणवायू असतो. हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं. म्हणजे मिनिटाला एक लिटर प्राणवायू अंगभर जातो. विश्रांतीत त्यातला पाव लिटर खर्च होतो, बाकीचा परत येतो. म्हणून हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचं सॅचुरेशन ७५ च्या आसपास असतं. आता बाळंतपणात खूप रक्त गेलेली, हिमोग्लोबिन ७ वर आलेली एखादी बाई घ्या. तिच्या बोटावर ९८ च दिसेल, पण तिच्या शंभर मिलिलिटर रक्तात प्राणवायू जेमतेम नऊ मिलिलिटर असेल. सॅचुरेशन म्हणजे सुटलेल्या एसटी गाड्यांमधल्या शंभरांपैकी किती जागा भरल्या, एवढाच हिशेब. आगारातून गाड्याच निम्म्या सुटल्या, किंवा घाटात दरड कोसळून वाटेत अडकल्या, तरी जागा भरलेल्याच दिसणार. पंडुरोग घरोघरी असलेल्या आपल्या मुलखात हे विसरून चालणार नाही.

पुरवठा घटला की शरीरातल्या पेशी मिळालेल्या रक्तातून जास्त प्राणवायू ओढून घेतात. परतीच्या रक्तातलं सॅचुरेशन ७५ वरून ६० वर, ५० वर येतं. ही राखीव शिल्लकही संपली की पेशींना प्राणवायूवाचून काम भागवावं लागतं आणि रक्तात लॅक्टेट वाढतं. दोनच्या आत ते ठीक. चारच्या वर गेलं की डॉक्टरांच्या कपाळावर आठी येते. (यकृत बिघडलं तरी आणि काही औषधांनीही ते वाढतं, त्यामुळे एका आकड्यावर कोणी निकाल देत नाही, तो उतरतो आहे की चढतो आहे, ते पाहतात.)

बोटाच्या चिमट्याची जन्मकथा या संदर्भात फार बोलकी आहे. टोकियोच्या निहोन कोहडेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्राणवायूच्या मागे नव्हतेच. त्यांना हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं ते मोजायचं होतं. शिरेत रंग टोचायचा आणि कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून तो रंग तिथे कधी, किती पातळ होऊन पोचतो ते पाहायचं, अशी पद्धत होती. पण प्रत्येक ठोक्याबरोबर पाळीतलं रक्त कमीजास्त व्हायचं आणि आलेखाच्या रेषेवर नाडीचे हेलकावे उमटायचे. ते पुसून टाकायला त्यांनी दोन वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश वापरून एकाचे हेलकावे दुसऱ्यातून वजा केले. रेषा सरळ झाली. मात्र रक्तातला प्राणवायू घटला की हेलकावे पुन्हा दिसू लागले. प्राणवायू भरलेलं रक्त आणि रिकामं रक्त लाल आणि अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, आणि दर ठोक्याला हलतं ते रक्त रोहिणीतलंच असतं. जे पुसायचं होतं त्यातच हवं ते दडलेलं होतं. १९७४ मध्ये त्यांनी हे जपानमधल्या परिषदेत मांडलं. १९८० च्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी ते यंत्र शस्त्रक्रियागृहांत नेलं आणि भूल देण्याचं काम पूर्वीपेक्षा कितीतरी निर्धोक झालं. सगळं जग बोटाला चिमटा लावून बसलं असताना, एप्रिल २०२० मध्ये, आओयागी वारले.

म्हणजे हा चिमटा मुळातच नाडीवर जगतो. बोटात रक्ताची लाट येत असेल तरच त्याला काही दिसतं. हात गार पडले, रक्तवाहिन्या आवळल्या की आकडा उड्या मारतो किंवा पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा येतात. नवखा माणूस चिमटा झटकतो, दुसऱ्या बोटाला लावून पाहतो. मुरलेली सिस्टर आधी मनगट धरते. आकडा न दिसणं ही तिच्यासाठी रक्ताभिसरणाची खबर असते.

तो फसतो त्या जागाही ठाऊक असायला हव्यात. गडद नेलपॉलिश आणि दाट काळी मेंदी प्रकाश अडवतात. त्याच हाताला रक्तदाबाचा पट्टा फुगला की आकडा जातो. यातून फारसं बिघडत नाही, सिस्टर बोट बदलते. गॅस गिझरचं मात्र गंभीर आहे. थंडीच्या दिवसांत, खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर चालू ठेवून अंघोळीला गेलेलं माणूस बेशुद्ध सापडतं. अपुऱ्या हवेत गॅस जळून कार्बन मोनॉक्साइड तयार झालेला असतो. तो हिमोग्लोबिनला इतका घट्ट चिकटतो की प्राणवायूला जागाच उरत नाही, आणि ऑक्सिमीटरला ते रक्त प्राणवायू भरल्यासारखंच दिसतं. बोटावर ९८ आणि मेंदू प्राणवायूवाचून तडफडतो आहे. अशा माणसाला बोटावरच्या आकड्याच्या भरवशावर घरी ठेवू नये. ताबडतोब मोकळ्या हवेत आणावं आणि प्राणवायू मिळेल अशा रुग्णालयात न्यावं. तिथे रक्ताची खास तपासणी होते.

दुसरी उणीव कातडीच्या रंगाची. निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम कमी प्राणवायूची हवा देऊन, त्यांचं रक्त तपासून, या यंत्रांचे आकडे बसवलेले असतात, आणि त्या स्वयंसेवकांत गोरी माणसं जास्त होती. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ताळा घेतला. बोटावर ९२ ते ९६ दिसत असताना रोहिणीतल्या रक्तात खरा आकडा ८८ च्या खाली होता, असं काळ्या रुग्णांच्या बाबतीत सुमारे १२ टक्के वेळा घडलं, गोऱ्यांच्या बाबतीत चार टक्क्यांहून कमी वेळा. आपण बहुतेक सावळे-काळे लोक. आपल्या रुग्णालयांत बोटावरच्या ९२ ला ९२ मानताना हात जरा आखडता घ्यावा, असं मला वाटतं. शंका आली की मनगटाच्या रोहिणीतून रक्त काढून ब्लड गॅस करतात तो त्यासाठीच. सुई दुखते, नातेवाईक कुरकुरतात, पण खरं काय ते तिथे कळतं.

ब्लड गॅसमधून कार्बन डायऑक्साइडही कळतो, जो चिमट्याच्या आवाक्यात नाही. नळीने प्राणवायू चालू असलेल्या रुग्णाचा श्वास मंदावला तरी सॅचुरेशन बराच वेळ छान राहतं. आत कार्बन डायऑक्साइड साचून माणूस गुंगीत जातो. कोपनहेगनच्या १९५२ च्या पोलिओच्या साथीत ब्लेग्दम रुग्णालयात हाच घोळ होता. रक्तात वाढलेला बायकार्बोनेट पाहून डॉक्टर चक्रावले होते. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी ओळखलं की मुलं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू शकत नाहीत आणि त्यात मरताहेत. मग श्वासनलिकेला छिद्र पाडून, वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने रबरी पिशव्या दाबत त्यांना श्वास दिला. आजच्या अतिदक्षता विभागाचं मूळ त्या पाळ्यांत आहे.

त्यानंतर मोजण्याची साधनं वाढत गेली, आणि वैद्यकाला वाटू लागलं की जितकं खोल मोजू तितकं बरं. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातल्या जेरेमी स्वान आणि विल्यम गँझ यांनी टोकाला फुगा असलेली बारीक नळी आणली. मानेच्या शिरेतून सोडली की रक्ताच्या प्रवाहाबरोबर ती आपोआप हृदयातून पलीकडे फुप्फुसाच्या रोहिणीत जाते. समुद्रावर शिडाच्या होड्या पाहताना आपल्याला ही कल्पना सुचली, असं स्वान सांगत. हृदय किती रक्त ढकलतं, परतीच्या रक्तात प्राणवायू किती उरला, सगळं खाटेशेजारी कळू लागलं. दोन दशकं अमेरिकेत ही नळी सढळ हाताने वापरली गेली. १९९६ मध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा नळी घातलेल्यांत मृत्यू कमी नव्हते, जास्तच होते. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत नळीने ना फायदा दिसला ना तोटा. नळीने मोजलेलं खोटं नव्हतं. त्या आकड्यावरून पुढे काय करायचं ते ठरलेलं नव्हतं, आणि थर्मामीटर लावून ताप उतरत नाही.

आता महाडला येऊ. १९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा त्यांच्याजवळ यातलं काहीच नव्हतं. लाल विंचू चावलेली माणसं आणि मुलं यायची: घामाने निथळलेली, उलट्या करणारी, हातपाय बर्फासारखे. काही तासांत छातीत पाणी व्हायचं, तोंडातून गुलाबी फेस यायचा आणि माणूस जायचा. बावस्कर खाटेशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा, श्वास, तासातासाला टिपत गेले. त्या टिपणांतून एक साखळी दिसू लागली. विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या अडथळ्याविरुद्ध झुंजून थकतं आणि रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं. छातीतल्या पाण्याची सुरुवात गार पडलेल्या तळव्यांपासून होते, हे १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मधून जगाने वाचलं. मग त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिनची साधी गोळी त्यांनी वापरली. १९८६ मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. शंभरांतले चाळीसपर्यंत दगावायचे ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. 'बॅरिस्टरचं कार्टं' हे त्यांचं आत्मचरित्र वाचलेल्यांना हा माणूस ठाऊक आहे, पण रक्ताभिसरणावर नजर ठेवण्याच्या इतिहासातलं त्यांचं स्थान आपण मराठी लोकसुद्धा पुरेसं ओळखत नाही. औषध द्यायचं की नाही आणि ते लागू पडलं की नाही, हे दोन्ही बावस्कर रुग्णाच्या हातापायांवरून वाचत होते. हातपाय गरम झाले की विष उतरणीला लागलं.

हाच धागा पुढे दक्षिण अमेरिकेत सापडतो. २०१९ मध्ये चिली, अर्जेंटिना, कोलंबिया, इक्वेडोर आणि उरुग्वेमधल्या २८ अतिदक्षता विभागांत, जंतुसंसर्गाने शॉकमध्ये गेलेल्या ४२४ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्यांचे उपचार लॅक्टेटच्या आकड्यावरून ठरवले. उरलेल्या निम्म्यांसाठी डॉक्टरांच्या हातात होती सूक्ष्मदर्शकाची साधी काचपट्टी. ती उजव्या तर्जनीच्या पेरावर टेकवायची, खालची कातडी पांढरीफटक होईपर्यंत दाबायची आणि दहा सेकंद तशीच धरायची. मग सोडून सेकंद मोजायचे. तीन सेकंदांत रंग परतला तर ठीक. त्याहून वेळ लागला तर रक्त टोकापर्यंत पोचत नाही. दर अर्ध्या तासाने हेच. २८ दिवसांत काचपट्टीच्या गटात ३४.९ टक्के रुग्ण दगावले, लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या काटेकोर निकषाला थोडक्यात उतरला नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दीड हजार रुग्णांवरच्या पुढच्या चाचणीत मृत्यूंचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं, पण बोटावरून उपचार ठरवलेल्यांची औषधांच्या आणि यंत्रांच्या आधारातून सुटका लवकर झाली. म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यातही उचलता येईल अशी एक काचेची पट्टी महागड्या तपासणीच्या पंक्तीला बसली. मला ही गेल्या काही वर्षांतली फार आशेची बातमी वाटते.

मात्र दर अर्ध्या तासाने ती पट्टी दाबायला माणूस लागतं. मी बसत असे त्या विभागात रात्री एका सिस्टरकडे पाच खाटा असत. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा निकष आहे. तासाला लघवी मोजायची, साठ किलोच्या माणसाची तीस मिलिलिटरपेक्षा कमी झाली तर डॉक्टरांना सांगायचं, औषधांचे पंप पाहायचे, कूस बदलायची, घशातला कफ ओढून काढायचा, सगळं तक्त्यावर लिहायचं. हे चालू असताना ती मॉनिटरकडे पाठ करून असली तरी तिचा कान तिकडे होता. सॅचुरेशन उतरू लागलं की बीपचा सूर खाली येतो, अशी त्या यंत्रांची रचना असते. एकदा तीन नंबरच्या खाटेचा सूर उतरला आणि पडद्याकडे न बघताच ती वळली. रुग्णाने नळी दातांत धरली होती. दुसऱ्या खाटेवरची भोंग्यासारखी घंटा मात्र बराच वेळ वाजत राहिली. "ती वायर सैल झाल्याची आहे," ती म्हणाली, "रात्रभर अशाच वाजतात. खरी कुठली ते ऐकून ऐकून कळतं."

पाच खाटा असल्या की आधी काय सुटतं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "औषध सुटत नाही, लिहिणं सुटत नाही. पायाला हात लावून बघणं सुटतं. त्याला तक्त्यात रकाना नाही ना." नंतर मी तो तक्ता नीट पाहिला. नाडी, रक्तदाब, सॅचुरेशन, ताप, आत गेलेलं पाणी, बाहेर आलेलं पाणी, सगळ्यांना रकाने होते. करोनानंतर राज्यात ठिकठिकाणी प्राणवायूचे प्रकल्प उभे राहिले, व्हेंटिलेटर आले, मॉनिटर आले. त्या तक्त्यात 'हात-पाय : गरम / गार' आणि 'बोटाचा रंग परतायला लागलेले सेकंद' असे दोन रकाने वाढवायला छपाईखेरीज खर्च नाही. ते भरायला रात्रपाळीला आणखी दोन सिस्टर लागतील, आणि तो खर्च आहे. मॅडमनी पहिलं काम त्याच आठवड्यात केलं: छापील तक्त्याच्या समासात पेनाने दोन रेघा ओढून त्याच्या झेरॉक्स काढल्या. दुसऱ्यासाठी त्यांनी वर पत्र लिहिलं आहे.